झाकणाआधी आणि झाकणानंतर

"जगाच्या इतिहासाचे दोनच कालखंड. आमच्या कंपनीचं झाकण येण्याआधीचा आणि आल्यानंतरचा."

हे वाक्य माझ्या थोरल्या भावाने न्हाणीघरातून उच्चारलं. बाहेर वहिनी टॉवेल घेऊन उभी होती.

"नंतरच्या कालखंडात टॉवेल आत न्यायची पद्धत सुरू झाली नाही वाटतं," ती म्हणाली.

झाकण म्हणजे टेपरेकॉर्डरचं, कॅसेट घालायच्या कप्प्याचं. पूर्वी बटण दाबलं की ते खाडकन उघडायचं. भित्रा माणूस दचकून गाणंच विसरायचा. दादा कंपनीच्या आराखडा विभागात होता. त्याने चार वर्षं खपून त्या झाकणाच्या कडेला वाटाण्याएवढं पांढरं दातेरी चाक बसवलं, त्यात दाट ग्रीस भरलं. झाकण सावकाश उघडू लागलं, घरंदाज माणसाने दार उघडावं तसं. दोन वर्षांत झाडून सगळ्या कंपन्यांनी ती युक्ती उचलली. दादाचं नाव कुठेच आलं नाही. झाकणावर नावापुरती जागा होती, पण तिथे कंपनीचं होतं.

विरोधी पक्ष म्हणजे वहिनीचा धाकटा भाऊ. लहानपणी त्याने सॉकेटात केसाचा आकडा घालून अख्खी गल्ली अंधारात लोटली होती. तेव्हापासून तो ठिणगी. पुढे त्याने दुरुस्तीचं दुकान काढलं. पश्चात्तापाचा याहून किफायतशीर मार्ग मी पाहिलेला नाही.

दर रविवारी सकाळी ठिणगी यायचा आणि एक पत्र्याचा डबा टेबलावर आदळायचा. डब्यात तीच पांढरी चाकं, दात तुटलेली, तीस वर्षांची.

"बघा भावजी, तुमच्या कंपनीचा प्रभाव. खुळखुळतोय."

"अरे ठिणग्या, आम्ही बाजाराला रीत शिकवली! यंत्राने माणसाशी अदबीने वागावं, हे आमच्याआधी कुणाला सुचलं होतं?"

"यंत्र वागलं हो अदबीने. माणूस वागला का? झाकण सावकाश येतंय म्हटल्यावर लोक बोटाने ओढायचे. कटकन चाक तुटायचं. लोकांनी तुमचा माल घेतला, कारण शेजाऱ्याने घेतला होता. शेजाऱ्याने घेतला, कारण दिवाणखान्यात चांगला दिसायचा. याला प्रभाव म्हणत नाहीत, साथ म्हणतात."

मी पंच. तीस वर्षं मी सामना बरोबरीत सोडवत आलो. निकाल दोघांनाही नामंजूर असायचा, त्यावरून तो निःपक्षपाती असावा. मग वहिनी चहा आणायची आणि दोघंही एकाच बशीतली बिस्किटं संपवायचे.

यंदा दादाची तब्येत उतरली. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, दोन महिने. फार तर तीन. दादाला सांगितलं, अशक्तपणा. वहिनीने मला आणि ठिणगीला जिन्यात गाठून बजावलं, की तोंड उघडाल तर खबरदार. "त्यांना कळलं तर ते उद्याच आवराआवर करायला घेतील. मी ओळखून आहे त्यांना."

त्याच आठवड्यात कंपनी बंद झाल्याची बातमी आली. टीव्हीवर चर्चा रंगली: या कंपनीचा बाजारावर खरा प्रभाव किती? एक तज्ज्ञ म्हणाला, काहीच नाही. योग्य वेळी योग्य दुकानात होते, इतकंच. झाकणाचा उल्लेख झाला नाही. दादाने टीव्ही बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दोन दिवस जेवला नाही.

वहिनी भावाच्या दुकानात गेली. मी सोबत होतो.

"या रविवारी हरायचं."

"ताई, मला नाही गं येत हरायला."

"शीक. तुला काही मागितलंय का मी कधी?"

मागितलं होतं. मिक्सर, इस्त्री आणि दाराची बेल तोच फुकटात दुरुस्त करत आला होता. पण ती वेळ हिशेब काढायची नव्हती. मी त्याला दोन संध्याकाळी हरण्याची तालीम दिली. हात कसे ठेवायचे, "तुमचं खरंय" कुठे म्हणायचं. बिचारा पाठ करत होता.

रविवारी ठिणगी आला. दादा उशांना टेकून तय्यार बसला होता. गालात रंगसुद्धा आला होता.

"बोल! तो टीव्हीवरचा दीडशहाणा तुझाच चेला ना?"

"नाही भावजी," ठिणगी म्हणाला. हात मी सांगितलेल्या जागी होते. "तो चुकलाय. बाजार तुमच्या कंपनीने घडवला. मी इतकी वर्षं उगाच हुज्जत घातली. लोक दुकानात यायचे, तेव्हा ते झाकण पुन्हापुन्हा उघडून बघायचे. नुसतं बघायचे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही."

हे शेवटचं तालमीत नव्हतं.

दादाचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्याने टेबलाकडे पाहिलं.

"डबा कुठाय?"

"दुकानात राहिला."

"तीस वर्षांत कधी राहिला नाही तो." दादा ठिणगीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. मी पंच असूनही छताकडे पाहत होतो. स्वयंपाकघरात वहिनीने नळ सोडला होता. भांडं मात्र एकही वाजत नव्हतं.

"किती दिवस म्हणाले?" दादाने विचारलं.

आम्ही औषधांच्या चिठ्ठ्या लपवल्या होत्या, अहवाल गादीखाली घातले होते, डॉक्टरांनाही पढवून ठेवलं होतं. आणि ज्या एका माणसाने कधीच हार मानली नव्हती, त्याला आम्हीच मोठ्या हौसेने हार मानायला लावली होती.

"भावजी," ठिणगी म्हणाला. "मी खोटं बोललो. तुमचं झाकण... भिकार होतं. पहिल्यापासून भिकार होतं."

"आणि लोक उघडून बघायचे, ते?"

ठिणगीने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"बरं," दादा हळूच म्हणाला. "ते खरं दिसतंय."

वहिनी दारात येऊन उभी राहिली. हात ओले होते; ते तिने पदराला पुसले नाहीत. दादाने तिच्याकडे पाहून मान हलवली, रागावलो नाही अशी. नळ वाहत होता. मी निकाल द्यावा असं कुणी म्हटलं नाही.

मग दादाने उशीखाली चाचपून टीव्हीचा रिमोट काढला आणि ठिणगीपुढे धरला. तो दुसऱ्याच कंपनीचा होता.

"ठिणग्या, जाण्याआधी याच्या सेलच्या झाकणाला जरा चिकटपट्टी लावून दे. सारखं निसटतं."