सैदलवीची रेघ

"सिस्टर, गाडी मशिदीपाशी लावायला सांगा. दारात नको!" सैदलवी खाटेवरूनच ओरडला.

सिंधू सिस्टर हसत आत आली. केरळातल्या मलप्पुरमच्या त्या गल्लीत पॅलिएटिव्हची, म्हणजे घरी येऊन दुखणं हलकं करणाऱ्या पथकाची, पांढरी गाडी दाराशी थांबली, की आतला माणूस आटोपला असंच लोक समजत. सैदलवीच्या पायांच्या नसा साखरेनं नासल्या होत्या, एवढंच. पण त्या एवढ्याशानं दोन वर्षं त्याचा जीव खाल्ला होता. तळवे निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळत, चादरीचा स्पर्शही सोसत नसे. दोन प्रकारच्या गोळ्या झाल्या, डोस वाढवून झाला. शेवटी डॉक्टरांनी थोडं मॉर्फिन लिहून दिलं, तर यानं ती पुडी आठवडाभर उशीखाली दडवून ठेवली.

"ती मरणाऱ्यांची गोळी. मला नको."

"मरणाऱ्यांना दुखतं म्हणून त्यांना देतो, इक्का. तुम्हाला दुखतं म्हणून तुम्हाला," सिस्टर म्हणाली; थोरल्या भावाला म्हणावं तसं सगळे त्याला इक्का म्हणत. "का फायनलच्या रेघा बसून आखणार?"

हे वर्मी लागलं. गावाच्या सेव्हन्सचं, सात-सात जणांच्या फुटबॉलचं, मैदान एक्केचाळीस वर्षं सैदलवीच आखत आला होता. यंदा पोरांनी दोरी लावून आखलं, तरी एक बाजू कललीच. फायनल बारा दिवसांवर आली होती. त्यानं गोळी गिळली.

पहिले दोन दिवस तो जेवताजेवता पेंगला. बायको, बिय्यात्तुट्टी, घडीघडी त्याच्या नाकाखाली बोट धरून बघे. मग पोट तुंबलं. सिस्टरनं त्यावरही औषध दिलं आणि गोळ्या बायकोच्या ताब्यात ठेवल्या. आठव्या दिवशी सैदलवी चहाचा ग्लास घेऊन चक्क ओसरीवर उभा राहिला. आग गेली नव्हती, पण शेजारच्या खोलीत जाऊन बसली होती.

तोवर गाडी तीनदा दाराशी थांबलेली सगळ्यांनी पाहिली होती. शुक्रवारच्या नमाजानंतर क्लबचा सेक्रेटरी जब्बार संत्री घेऊन आला. जाणाऱ्याकडून माफी मागून घ्यायची तिथली रीत. खाटेवर बसलेल्या सैदलवीचा हात त्यानं धरला आणि पन्नाशीच्या त्या गड्याला हुंदका फुटला.

"इक्का, त्या फायनलचं पोटात ठेवून तुम्हाला कसं जाऊ देऊ?"

सैदलवी सावरून बसला. सव्वीस वर्षांपूर्वीच्या फायनलमध्ये जब्बारनं गोलसमोर एकाला पाडलं, पेनल्टी बसली आणि क्लब हरला. तेव्हा जब्बार म्हणाला होता, चूक रेघेची, सैदलवीनं गोलसमोरची चौकट हातभर मोठी आखली. तेव्हापासून लग्नकार्यातसुद्धा कुणीतरी डोळा मिचकावून सैदलवीला त्या रेघेचं विचारी. तो हसे, आणि घरी येऊन गप्प बसे.

"रेघ बरोबर होती, इक्का. माझा पाय आत होता. मला माफ करा."

 सैदलवीचे डोळे भरून आले होते. मग तो उठला, चालत कोपऱ्यात गेला आणि बूट घालू लागला. रविवारआधी रेघेचा सराव करायचा होता, आणि चुन्याच्या फक्कीत अनवाणी जायचं नाही, ही सिस्टरची अट होती.

जब्बारनं आ वासला. "तुम्ही... चालताय?"

"मग काय, खांदा द्यायला आला होतास? माफ केलं जा. पण आत्ता मला सांगितलंस, तेच रविवारी माइकवर सांगायचं."

"अहो, अख्खं गाव असेल!"

"तेव्हाही होतंच की."

"आणि मोठ्यानं बोल," आतून बिय्यात्तुट्टी म्हणाली. "मला इथे घरात ऐकू आलं पाहिजे."

रविवारी चार वाजताच बांबूच्या गॅलऱ्या भरल्या. सैदलवी फक्कीची बादली घेऊन मैदानात उतरला. पाय चुरचुरत होते, पण चालत होते. बाजूच्या रेघा झाल्या, मधलं वर्तुळ झालं. गोलसमोरच्या चौकटीपाशी तो वाकला आणि माइक खरखरला. जब्बारनं तीनदा घसा साफ केला आणि सगळं सांगितलं, स्वतःच्या नावानिशी.

 सगळं गाव उठून उभं राहिलं. टाळ्या, शिट्ट्या, "सैदलवीक्का! सैदलवीक्का!"

सैदलवीनं वर पाहिलं नाही. रेघ अर्ध्यात आली होती, आणि हात हलून चालणार नव्हतं.