न उडालेलं पिल्लू

मित्रांनो, मी एक जुनं मडकं आहे, पण माझ्यात पाणी कधी राहिलंच नाही. आव्यात भाजतानाच तडा गेला, म्हणून कुंभाराने मला बोदवडजवळच्या राममंदिराला देऊन टाकलं. पुजाऱ्याने सभामंडपाच्या वळचणीला आडवं बांधलं आणि पारव्यांनी माझ्यात संसार मांडला.

खाली कीर्तन, वर पिल्लं. ‘पारव्याचं पिल्लू’ हे शब्द मी किती तोंडांतून ऐकले. आया गुबगुबीत लेकराला तसं म्हणत. बुवा सांगत, देवापुढे पारव्याच्या पिल्लासारखं तोंड उघडून बसावं.

पण जर्मन लढाईच्या दुसऱ्या वर्षी त्याच शब्दांचा मला धाक पडला. कीर्तनात मृदंग वाजवणाऱ्या अभिमनभाऊंचं डावं अंग लुळं पडलं. शेजारच्या चुडामणनानांनी त्यांच्या बायकोला, झुंबरबाईंना, औषध सांगितलं : पारव्याच्या पिल्लाचं रक्त हातावर चोळायचं. पिल्लू मात्र न उडालेलं हवं.

भर दुपारी झुंबरबाई शिडी चढून आल्या. त्यांनी माझ्यात हात घातला. पिल्लाने भिऊन मागे सरावं, तर ते पुढे आलं आणि बोटांच्या बेचक्यात चोच खुपसून दूध मागू लागलं. पारवे घशातून दूध पाजतात ना, त्याला वाटलं आईच आली. बाई कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग बोटं हळूच सोडवून रिकाम्या हाताने उतरल्या.

मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणिक लावतात, तेव्हा त्याला घुमारा येतो. दुसऱ्या सकाळी बाईंनी भाऊंना मंडपात आणून बसवलं आणि पुढ्यात पिठाची परात ठेवली.

“नाना म्हने पिल्लू लई ये, आनि तू पीठ लई उनी,” भाऊ म्हणाले. नानांनी पिल्लू आणायला सांगितलं, आणि ही पीठ घेऊन आली!

“बठ्ठी कणिक डावा हातघाईच मळानी शे,” बाई म्हणाल्या. सगळी कणिक डाव्या हातानेच मळायची होती.

बोटं हलेनात. बाईंनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवून मळली. रोज मळली. नानांनी हसून विचारलं, पोळ्या कोणत्या सणाला? बाई म्हणाल्या, बसा, पाणी शिंपडा. आणि नाना खरंच बसले.

चार महिन्यांनी बाईंनी आपला हात काढून घेतला. कणिक मळली जात होती.

रामनवमीच्या कीर्तनात भाऊंची पहिली थाप चुकली. दुसरीही चुकली. बुवा अभंग थांबवून उभे राहिले, सारा मंडप थांबला. तिसरी थाप अशी घुमली की माझा तडासुद्धा थरथरला.

मित्रांनो, आता माझी दोरी कुजत आली आहे. मी पडेन तेव्हा माझ्यात पिल्लू असेल, तर खापऱ्या मागाहून झाडा. आधी त्याला उचलून वर ठेवा. त्याला अजून उडता येत नसतं.