भिंतीवरचा एकटा जिवंत

क्रुतोयार्स्क हे रशियातलं शहर अंबादासने पाहिलं नव्हतं, पण तिथली थोर माणसं त्याने सकाळपासून जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका हॉलच्या भिंतीवर टांगली होती. कवी, सेनापती, शास्त्रज्ञ, सगळे कपाळाला आठ्या घालून. दुबईतल्या क्रुतोयार्स्ककरांच्या मंडळाचा हा वार्षिक सोहळा. आजचं काम पसंत पडलं, तर त्यांच्या वर्षभराच्या कार्यक्रमांची सजावट आणि जेवण अंबादासकडे येणार होतं.

बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून आणलेले झेंडूचे हार त्याने स्वतः घातले. मंडळाच्या सेक्रेटरी ल्युदमिला मॅडम भिंतीवरून नजर फिरवत आल्या आणि शेवटच्या फोटोपाशी थांबल्या.

"याला फुलं का नाहीत?"

"मॅडम, ही इज अलाइव्ह."

"म्हणजे? मेलेल्यांना फुलं, आणि जो येणार आहे त्याला नुसती भिंत?"

फोटो गेन्नादी पेत्रोविच यांचा होता. शहरातला मोठा पूल त्यांनी बांधलेला. वय नव्वदीपार, आणि आजचे प्रमुख पाहुणे.

"हार लावा," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर खलास. पुढच्या वर्षी दुसरा माणूस."

अंबादासने हार उचलला. त्याच्या बायकोने, कमलिनीने, स्वयंपाकाकडून येऊन त्याचं मनगट धरलं.

"अहो, जित्या माणसाच्या फोटोला? हातून पाप होईल."

"आणि काम जाईल त्याचं काय?"

"काम दुसरं मिळेल. म्हातारा मिळेल का?"

एवढ्यात म्हातारा मिळाला. मुलीच्या हाताला धरून गेन्नादी पेत्रोविच आत आले. भिंत बघितली, आपला बिनहाराचा फोटो बघितला, आणि काय चाललंय ते मुलीला विचारलं. मॅडमनी तोंड वाकडं करून सांगितलं. म्हातारा अंबादासकडे बघत राहिला. वर्षभराचं काम गेलं, असं अंबादासने मनातल्या मनात धरूनच टाकलं.

मुलगी इंग्रजीत म्हणाली, "पप्पा म्हणतात, घाला. बाकीच्यांना आपापला हार बघायला मिळाला नाही."

आता नाही म्हणायची सोय उरली नाही. अंबादास स्टुलावर चढला. कमलिनीने मान फिरवली. हार फोटोवर पडला, तसा सगळा हॉल फोटो सोडून म्हाताऱ्याकडे बघू लागला.

म्हातारा काहीतरी बोलला.

"डावीकडे उतरलाय म्हणतात," मुलगी म्हणाली.

अंबादासने हार सरळ केला.

त्यानंतर सोहळा झाला, भाषणं झाली. नवराबायकोला त्यातलं काही कळलं नाही. दोघं एकाच माणसाचा घास मोजत होती.

"त्यांना सुरमई वाढू नकोस. काटा असतो."

"बोनलेस आहे हो."

"तरी नको. डाळ दे."

म्हाताऱ्याने डाळ बाजूला सारून सुरमई मागितली, दोनदा. वर व्होडका घेतली आणि कुणाच्या तरी बायकोबरोबर नाचला. प्रत्येक गिरकीला कमलिनी देवाचं नाव घेत होती.

सकाळी मॅडमचा मेसेज आला: वर्षाचं काम पक्कं, रेट कळवा. अंबादासने रेट कळवला नाही. त्याने विचारलं, "आजोबा बरे आहेत ना?"

"एकदम. इथे मुलीच्या घरी फोटो आपल्या खोलीत लावलाय. आता ते विचारतात, हार रोज बदलायचा असतो का?"

कमलिनीने कपाळाला हात लावला.

"काय लिहू?" अंबादासने विचारलं.

"लिहा, हो. रोज. सकाळी तुम्ही स्वतः जा, आणि आधी त्यांना बघून या."