दुपारच्या झोपेची वाटणी

दोन बायकांचा नवरा न्यायानं वागला, तर घरात स्वर्ग नांदतो. कानो शहरात हे सगळ्यांना मान्य आहे. निदान सगळ्या नवऱ्यांना. अल्हाजी मुदींचा न्याय तर गल्लीत नावाजलेला. दोन रात्री थोरल्या सौदेकडे, दोन रात्री धाकट्या लंतानाकडे. ईदचं कापडसुद्धा दोघींना एकाच ठाणातलं. दुपारच्या झोपेचं मात्र कोणी काही ठरवलं नव्हतं.

आणि गेला महिनाभर जेवण झालं, की अल्हाजी उशी काखोटीला मारून लंतानाच्या खोलीत शिरत.

सौदेच्या मते कारण उघड होतं. तिचा ए.सी. गरम वारा फेकायचा. एप्रिलातल्या कानोत गरम वारा फुकट मिळतो, त्यासाठी कोणी बायकोकडे येत नाही. सौदेनं शेंगदाणा तेलाच्या घरगुती धंद्यातून साठवलेले पैसे काढले आणि दाउदा मेकॅनिकला बोलावणं धाडलं.

दाउदानं ए.सी.चा अंगणातला डबा उघडला, कान लावला आणि मयताला आल्यासारखं तोंड केलं.

"कॉम्प्रेसर गेला, हाजिया."

"मग नवा घाल."

"नव्याचा काय भरवसा! लंडनचा वापरलेला आणतो. तिकडं थंडीत राहिलेला माल, त्याला कसली दगदग? मरत नाही."

हे तत्त्व सौदेला इतकं आवडलं, की तिनं ते अंगणापलीकडच्या लंतानाच्या दारावरच्या पडद्याला ऐकू जाईल अशा बेतानं पुन्हा सांगितलं. "खरंय रे बाबा. नव्याचे नऊ दिवस. शेवटी वापरातलं तेच टिकतं!"

पडदा हलला.

"अगदी बरोबर, याया," लंताना म्हणाली. थोरलीला मोठी बहीण म्हणायची रीत ती काटेकोर पाळी. "पण मग आज काढून टाकताय, ते नवं होतं वाटतं?"

दाउदा खाली वाकून न पडलेला स्क्रू शोधू लागला. दोघींचं बोलणं त्या क्षणापासून बंद.

संध्याकाळपर्यंत कॉम्प्रेसर बसला, नळ्या जोडल्या, गॅस भरला. दुसऱ्या दिवशी दुपारी वीजही टिकली. खोली अशी गारठली, की सौदेनं शाल पांघरली. अल्हाजी तुवोचे घट्ट उंडे आणि बाओबाबच्या पाल्याचं कालवण भरपेट जेवले, "माशाल्ला!" म्हणाले आणि पलंगावर आडवे झाले.

"गार आहे ना?"

"हं."

"तिकडं असं गार असतं का?"

"हं."

"हं काय? लंडनचा आहे. माझ्या पैशाचा. तिनं कधी या घराला सुई तरी आणली? आणि काल मला काय म्हणाली, ऐकलंत?"

अल्हाजींनी ऐकलं नव्हतं. सौदेनं ऐकवलं, लंतानाच्या नाकातल्या आवाजासकट. मग नीट कळलं नसेल म्हणून पुन्हा ऐकवलं.

अल्हाजी उठले. उशी उचलली आणि अंगण ओलांडून गेले.

शालीच्या आत सौदेच्या अंगाची लाही लाही झाली. एवढं करूनही तीच! काय चारते त्यांना? ती अनवाणीच तरातरा गेली आणि तिनं सवतीचा पडदा ओढला.

खोली भट्टीसारखी तापली होती. अल्हाजी चटईवर घामानं निथळत घोरत होते. ए.सी. बंद होता. लंताना सकाळीच झारियाला, बहिणीच्या मुलाच्या बारशाला गेली होती.