पायाळू बाईची कंबर

“श्वास सोडा मावशी, आणि कंबर उचला. सावकाश.”

सुलाबाईनं सतरंजीवर पडल्या पडल्या कंबर उचलली. मागच्या महिन्यात एवढ्यानं ती कळवळली असती. आज नुसते दात आवळले.

“छान,” तृप्ती म्हणाली. सातपूरच्या दवाखान्यातली ही फिजिओथेरपिस्ट सुलाबाईच्या लेकीच्या वयाची. “कामावर वाकावं किती लागतं?”

“दर नगाला. पत्र्याच्या प्रेसमधून नग निघाला का क्रेटात टाकायचा. क्रेट भुईवर.”

“टेबलावर का नाही?”

“कुणी इचारलंच नाय. कंबर भरली का बाया माझ्याकडं येतात. मी पायाळू हाय ना.”

जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसानं पाय लावला की पाठीत भरलेली उसण जाते, असं सगळं वर्कशॉप मानायचं. बाई पुठ्ठ्यावर पालथी पडायची, सुलाबाई पाय लावायची, बाई कण्हत पुन्हा मशीनवर. सुपरवायझर यादव स्वतः बायांना तिच्याकडे धाडायचा. का नाही धाडणार? पाय आयता मिळत होता, टेबल आणावं लागलं असतं.

“तुमची कंबर भरली तेव्हा पाय कुणी लावला?”

“मला कोण लावणार, बाई?”

तृप्ती हसली नाही. “व्यायाम रोज करा. पडून राहू नका, चालत राहा. पण दिवसभर भुईपर्यंत वाकलात तर पुन्हा दुखणं. क्रेट कमरेपर्यंत हवा.”

“सायेब घरी बसवंल.”

“त्यावर माझ्याकडे व्यायाम नाही, मावशी.”

दुसऱ्या दिवशी शेजारच्या प्रेसवर छायाला उसण भरली.

“सुलाबाई, पाय लावा हिला,” यादव म्हणाला. “लाईन अडलीय.”

छाया पुठ्ठ्यावर पालथी पडली होती. सुलाबाई जागची हलली नाही.

“नाय लावणार.”

“का? पॉवर संपली?”

“पायानं उसण जात असती तर ह्याच बाया परत परत आल्या असत्या का? क्रेट वर घ्या, सायेब.”

“उद्यापासून येऊ नका मग.”

“लावा ना, मावशी,” छाया रडकुंडीला आली. “का भांडता?”

सुलाबाई गुडघ्यांत वाकून तिच्याजवळ बसली. “कुशीवर हो. गुडघे दुमड. आता हातावर जोर दे. घाई नको.” छाया हळूहळू उठून बसली.

मग सुलाबाईनं रिकामे क्रेट उपडे केले, एकावर एक रचले आणि आपला क्रेट वर ठेवला.

“उद्याचं उद्या. आज माल असा पडंल.”

यादवनं मालकाला लावायला फोन काढला. छाया कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि एक रिकामा क्रेट पायानं आपल्या मशीनकडे ढकलू लागली. पलीकडच्या बाईनंही एक ओढला. फोन यादवच्या हातातच राहिला.

सुलाबाईनं नग टाकला. मान वर होती. काम करता करता तिला पहिल्यांदाच समोरच्या बायांची तोंडं दिसली.