हाडं मोजली, उत्तर राहिलं

मित्रांनो, मी हाडांची घनता मोजणारं एक जुनं यंत्र आहे. दक्षिण आफ्रिकेत, झुलू लोकांच्या डोंगराळ मुलखातल्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत पडून असतो. अंगावर चादर, चादरीवर सलाईनची रिकामी खोकी.

एके काळी माझा थाट होता. एचआयव्हीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्यावर बायकांच्या हाडांचं काय होतं, हे शोधायला संशोधक डॉक्टरांनी मला इथे आणलं. बायका सकाळपासून रांग लावत. सगळ्यांत बोलकी माशांदू आजी. तिला सगळे 'गोगो', म्हणजे झुलू भाषेत आजी, म्हणत. या आजारानं तिचा नवरा नेला, लेक नेली. गोळ्यांमुळे ती आणि नात फिंडिले तेवढ्या वाचल्या.

माझ्यावर आडवी झाली की गोगो म्हणायची, "नवऱ्यानंही मला इतकं निरखून पाहिलं नव्हतं गं!"

"हलू नका गोगो," नर्स झिबुयीले हसायची, "नाहीतर शेजारणीची हाडं तुमच्या नावावर लागतील."

मला मात्र हसू येत नसे. दर वर्षी तिची हाडं आणखी विरळ दिसत. मी ते पडद्यावर दाखवत होतो.

एकदा तिनं डॉक्टरांना विचारलंच, "काय सापडलं?"

"अभ्यास चालू आहे, गोगो. तुमची मदत फार मोलाची आहे."

"मोल राहू द्या. गोळी बदलायची का, ते सांगा."

"शेवटी सगळं सांगू."

शेवट आला. केक कापला, फोटो काढले, गाड्या गेल्या. सांगायला कुणी परत आलं नाही. पुढे मी बिघडलो. दुरुस्तीलाही कुणी फिरकलं नाही.

मग झऱ्यावर गोगोचा पाय घसरला. साधंच पडणं, पण खुब्याचं हाड मोडलं. मोठ्या इस्पितळातला डॉक्टर तिच्यासोबत गेलेल्या झिबुयीलेवर खेकसला, "हाडं इतकी पोकळ? कधी तपासली नाहीत?"

"दर वर्षी तपासली," ती म्हणाली आणि तोंड फिरवून रडली.

तिथे गोगोची गोळी बदलली. चालणं मात्र गेलं ते गेलंच. परवा फिंडिले तिला चाकाच्या खुर्चीतून या खोलीत घेऊन आली.

"काढ ती चादर," गोगो झिबुयीलेला म्हणाली. "पोरीला झोपव यावर. तपासल्याशिवाय हिची गोळी बदलत नाहीत म्हणे."

झिबुयीलेनं बटण दाबलं. मी जीव एकवटला, पण पडदा काळाच राहिला.

"मशीन बंद आहे, गोगो."

"आणि ते डॉक्टर? तेही बंद पडलेत का?"

झिबुयीलेनं चादर पुन्हा माझ्यावर ओढली.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण उद्या शिकून मोठे झालात आणि कुणाचं शरीर मोजायला गेलात, तर काय सापडलं ते सांगायला परत जा. फिंडिले आजही त्याच गोळ्या घेते आहे.