शेवंती, स्पिन्स्टर

"आत्या, सही थांबव. आधी हे बघ," म्हणत मानसीने शेवंतीच्या हातातलं पेन काढून घेतलं.

भाईंदर पश्चिमेचं वडिलांच्या नावावरचं घर एकट्या भावाच्या नावे व्हावं, म्हणून शेवंती हक्कसोड पत्र करायला रजिस्ट्रार कचेरीत आली होती. बहिणीने हक्क सोडायचा आणि भावाने साडी द्यायची, ही आपल्याकडची रीत. आत्मारामने साडी सकाळीच आणली होती. फरक एवढाच, की बाकीच्या बहिणींना परतायला सासर असतं.

मानसी आत्मारामची मुलगी, इंग्रजी घेऊन बीए करणारी. तिने कागदावर बोट ठेवलं.

"पप्पांच्या नावापुढे नोकरी लिहिलंय. तुझ्या नावापुढे नुसतं स्पिन्स्टर."

"म्हणजे गं काय?"

"बिनलग्नाची. पण आधी अर्थ वेगळा होता. सूत कातणारी बाई. बिनलग्नाच्या बायका त्यावर स्वतःचं पोट भरायच्या, म्हणून त्यांनाच ते नाव पडलं. पुढे काम गेलं आणि टोमणा तेवढा राहिला."

वडील गेल्यावर आत्मारामचं शिक्षण, घराचे हप्ते, सगळं शेवंतीने ब्र न काढता ओढलं होतं. तिला आलेली स्थळं घरच्यांनी गोड बोलून परत पाठवली. कमावती मुलगी हातची कोण घालवतो? आज पहिल्यांदाच तिला त्याचा संताप आला.

"इथे माझं काम लिहा," ती कागद तयार करणाऱ्या वकीलबाईंना, हंसाबेनना, म्हणाली.

"फॉरमॅटच तसा आहे, शेवंतीबेन," हंसाबेन म्हणाल्या. "आता चेंज केला तर आपला नंबर जाईल."

"असू दे ना ताई," आत्माराम म्हणाला. "एक शब्द तर आहे. हे विकून विरारला मोठा फ्लॅट घेतोय, त्यात तुला खोली आहेच ना."

"त्या फ्लॅटवर माझं नाव असेल?"

आत्मारामने मानसीच्या हातातलं पेन घेऊन ताईपुढे धरलं.

"पप्पा, बोला ना," मानसी रडवेली झाली.

उठून चालतं व्हावं, असं शेवंतीच्या मनात आलं. पण जाणार कुठे? भावाशी वाकडं घेऊन म्हातारपण काढायची तिच्यात धमक नव्हती. तिने सही केली.

मग मशीनवर अंगठा ठेवला. उमटला नाही. डावाही उमटला नाही.

"मावशी, काम काय करता?" कारकून वैतागला. "रेघा पार गेल्यात."

"स्टीलची ताटं घासून चकचकीत करते. हाटकेशला, कारखान्यात."

"बरं, दुसरं बोट ठेवा. दाबून."

आत्माराम पुढे झाला. त्याने बहिणीची करंगळी चिमटीत धरली आणि हिरवा दिवा लागेपर्यंत काचेवर दाबून ठेवली.